पीएचडी परत करायला निघालेले सर

आमचे सर रजेच्या अर्जात खरं कारण लिहायचे.

बाकीचे प्राध्यापक 'तब्येत बरी नसल्याने' किंवा 'घरगुती कामानिमित्त' लिहून मोकळे होत. सरांच्या अर्जात 'आज घरी बसावंसं वाटत आहे' असं असायचं. एकदा त्यांनी लिहिलं होतं, 'पत्नी माहेरहून येणार आहे. ती येईल तेव्हा मी घरी असावं असं तिला वाटतं. मलाही वाटतं.' प्राचार्यांनी बोलावून घेतलं आणि म्हणाले, "सर, नुसतं 'वैयक्तिक कारण' लिहा की." सर म्हणाले, "वैयक्तिकच हाय की. कोणतं ते लपवायचं का?" प्राचार्यांनी रजा मंजूर केली आणि तो अर्ज फाइलला न लावता ड्रॉवरमध्ये ठेवला. त्या ड्रॉवरमध्ये असे अर्ज बरेच साठले होते म्हणतात.

मी उदगीरची. वडील मोंढ्यात एका अडत दुकानावर मुनीम. एमएस्सी झाल्यावर पीएचडी करायला नांदेडला आले आणि प्राणिशास्त्र विभागात या सरांच्या हाती पडले. 'हाती पडले' हा शब्द माझा नाही. माझं नाव त्यांच्याकडं लागलं हे कळल्यावर विभागातल्या दुसऱ्या एका सरांनी माझ्याकडं दयेनं बघून तो वापरला होता.

हे दुसरे सर भराभर पेपर छापायचे. इतके, की पोरं त्यांना मागून 'पाक्षिक' म्हणत. एकमेकांच्या पेपरवर नावं टाकायची, म्हणजे दोघांचाही आकडा वाढतो, हा त्यांचा साधा हिशोब. एकदा ते आमच्या सरांकडं आले.

"सर, एका पेपरवर तुमचं नाव टाकू का?"

"मी काय केलं त्यात?"

"काहीच न्हाई. पण तुमची प्रोफेसरशिपची फाइल अडकलीय म्हणून म्हटलं."

सरांनी विचार केला. मग कागद घेतला आणि त्यावर नावं लिहायला लागले. वॉचमन, कँटीनवाला, लायब्ररीतल्या दोन बाया, स्वतःचे सासरे. कागद पुढं सरकवून म्हणाले, "या सगळ्यांनी पण त्यात काहीच केलं न्हाई. एकट्याचं टाकलं तर ह्यांच्यावर अन्याय व्हतो." पाक्षिक सरांना हा विनोद आहे की काय ते कळेना. विनोद नव्हता. सर विनोद करत नसत.

बोलायला मात्र ते गोड होते. आवाज कधी चढला नाही. पण कुणी काही ठासून सांगितलं, की हळूच विचारायचे, "कुणी बघितलं?" यंदा उन्हाळा जास्त आहे. कुणी बघितलं? अमक्याचं पोरगं अभ्यासात मागं पडलंय. कुणी बघितलं? काकू, म्हणजे सरांच्या मिसेस, एकदा मला म्हणाल्या, "लग्नानंतर पहिल्यांदा माझ्या हातचं वरण खाल्लं, तर म्हटले छान झालंय. मी इतकी खूश झाले! तर लगेच म्हटले, पण तुझं आधीचं वरण मी खाल्लेलं न्हाई, त्यामुळं नक्की सांगता येत न्हाई."

अशा माणसाची स्वतःची पीएचडी मात्र विभागाचा अभिमान होती. अर्धापूरच्या केळीच्या बागांमध्ये घड काढल्यावर खोडं तशीच पडून असतात. ती कुजवून गांडुळांना खायला घातली, तर नुसत्या शेणावर वाढवलेल्या गांडुळांपेक्षा ती कितीतरी लवकर जाड होतात, असं सरांनी तरुणपणी दाखवलं होतं. त्या निष्कर्षावर कॉलेजच्या मागं गांडूळखताचा प्रकल्प उभा होता. गेटपाशी मोठा फलक होता, त्यावर सरांचं नाव आणि नावाआधी 'डॉ.'. माझा थिसिसही त्यावरच उभा होता. केळीच्या खोडातल्या नेमक्या कशानं गांडुळं जाड होतात, हे मी शोधत होते. चार वर्षं झाली होती. शेवटचं प्रकरण लिहून होत आलं होतं, लातूरच्या एका कॉलेजात जागा निघाली होती, आणि घरी वडील आलेल्या स्थळांना 'पोरीचं पीएचडी होऊ द्या' म्हणून थोपवत होते.

त्यात मामूंचा निरोप समारंभ आला.

मामू म्हणजे आमच्या प्रयोगशाळेचे परिचर. सर विद्यार्थी होते तेव्हापासून तिथंच. निवृत्त होत होते. सेमिनार हॉलमध्ये शाल झाली, नारळ झाला, सगळ्यांची भाषणं झाली. मग मामूंना म्हटलं, दोन शब्द बोला. मामू उठले, डोळे पुसले आणि म्हणाले, "सरांबद्दल एक गोष्ट सांगतो. कधी बोललो न्हाई कुणाला. आज जाऊन राहिलो तर बोलतो."

सगळे सरसावून बसले.

"सरांची पीएचडी चालू होती. उन्हाळ्यात सरांचं लगीन निघालं. मला म्हटले, मामू, तू आल्याबिगर अक्षता पडणार न्हाईत. आता गांडुळांना पाणी मारायचं काम माझं. पण सरांचं लगीन! मी गेलो. चार दिवस राहिलो. वापस येऊन बघतो तर केळीच्या टबांमधली गांडुळं सगळी खल्लास. ऊन लागलं. शेणाचे टब सावलीला होते, ते वाचले. मी डोक्याला हात लावला. सर नव्या नवरीला घेऊन येऊन राहिले, अन् त्यांना कसं सांगावं? दोन वर्षांची मेहनत. मग गेलो अर्धापूरला, माझ्या साल्याच्या उकिरड्यावर. तिथं अशी गांडुळं, अशी!" मामूंनी करंगळी दाखवली. "मोजून आणली, टबात सोडली. सरांनी येऊन वजन केलं अन् इतके खूश झाले, इतके खूश झाले, की मला मिठी मारली. ती मिठी मी आजवर विसरलो न्हाई."

हॉल हसून हसून लोळायचा बाकी राहिला. टाळ्या पडल्या. प्राचार्यसुद्धा हसले. मी हसले नाही.

सर उठून उभे राहिले. टाळ्या थांबल्या.

"मामू, किती टबांमधली बदलली?"

"केळीच्या तिन्ही, सर."

"अन् शेणाची?"

"ती जिती होती ना. ती कायको बदलू?"

"हाव," सर म्हणाले आणि खाली बसले. मग चिवडा आला, तो त्यांनी खाल्ला. मामूंना गाडीपर्यंत पोहोचवायला गेले. रागावले तर नाहीतच, उलट हात धरून म्हणाले, "मामू, तू सांगितलंस हे लई बरं केलंस." आणि खिशातून कागद काढून म्हणाले, "आता हेच जरा लिहून दे."

मामूंचा चेहरा उतरला. "सर, पेन्शन अडकंल का?"

"तुझी न्हाई अडकणार. अडकली तर माझी."

साक्षीदार म्हणून खाली माझी सही आहे.

दुसऱ्या दिवशी सर म्हणाले, "मी त्या वजनाच्या उडीवर अठरा पानं लिहिलीत. केळीच्या खोडातली साखर काय, पालाश काय. अन् ती उडी म्हणजे मामूच्या साल्याचा उकिरडा." हे ते कौतुकानं सांगत होते, जणू दुसऱ्या कुणाची गोष्ट असावी. मग म्हणाले, "पीएचडी वापस करावी लागंल."

मी त्या दिवशी सरांवर ओरडले. आयुष्यात एकदाच. मी म्हटलं, सर, तुम्ही पीएचडी परत केली तर तुम्ही गाईड राहणार नाही. माझं काय? चार वर्षं गेली माझी. वडील गावात काय तोंड दाखवतील? तुमची चूक नाही, मामूंची पण धड चूक नाही, मग मीच का बुडू? कुणाला कळणार आहे? हसून सोडून दिलंय सगळ्यांनी.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. मला पाणी दिलं. मग म्हणाले, "तुझं लई वाईट वाटून राहिलं मला. खरंच. पण ती गांडुळं माझी न्हाईत ना."



त्यांना अडवता येईल म्हणून मी त्यांच्याबरोबर विद्यापीठात गेले. सरांनी पदवीचं प्रमाणपत्र काचेच्या फ्रेममधून काढून वर्तमानपत्रात गुंडाळून घेतलं होतं. खिडकीत एक मध्यमवयीन क्लार्क होते.

"पीएचडी वापस द्यायची हाय," सर म्हणाले.

"वापस? कुणी तक्रार केली का?"

"न्हाई."

"कॉपी-बिपी पकडली का सर?"

"न्हाई. गांडुळं बदलली होती."

क्लार्कनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग ड्रॉवर उघडून एकेक फॉर्म काढायला लागले. "हे बघा, आमच्याकडं डिग्री हरवल्याचा फॉर्म हाय. हरवली म्हणून लिहिता का?"

"हरवली न्हाई. ही बघा, हातात हाय."

"फाटली?"

"न्हाई."

"मग नावात बदल?"

सर थबकले. म्हणाले, "तसं बघितलं तर नावातच बदल हाय. नावाआधीचं 'डॉ.' काढायचंय." आणि त्यांनी तो फॉर्म खरंच घेतला. 'जुने नाव' आणि 'नवीन नाव' अशा चौकटी भरल्या. 'बदलाचे कारण' या चौकटीत 'विवाह' आणि 'इतर' असे दोन पर्याय होते. सर म्हणाले, "दोन्हीवर खूण करावी लागंल. लग्नामुळंच झालं हे." क्लार्कनी फॉर्म हळूच त्यांच्या हातातून काढून घेतला आणि आम्हाला वरच्या मजल्यावर साहेबांकडं पाठवलं.

साहेब भले होते. त्यांनी चहा मागवला, मामूंचा कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, "सर, परिचर निवृत्तीच्या भाषणात बोलला म्हणून विद्यापीठ पदवी काढून घेत नसतं. निष्कर्ष चुकीचा आहे हे आधी कुणीतरी रीतसर सिद्ध करायला पाहिजे. तोवर तुम्ही डॉक्टर आहात, गाईडही आहात. इच्छा असो नसो."

"कोण सिद्ध करंल?" सरांनी विचारलं आणि विचारता विचारताच माझ्याकडं बघितलं.

अशा रीतीनं माझा विषय बदलला.

मी घरी फोन करून सांगितलं, अजून दोन वर्षं लागतील. वडिलांनी आधी विचारलं, "दोन म्हणजे दोनच ना?" मग म्हणाले, "बरं." लातूरची जागा अर्थातच गेली. तिथं पाक्षिक सरांचा विद्यार्थी लागला.

इकडं कॉलेजात तपासणी समिती येणार होती. प्राचार्य सरांना म्हणाले, "सर, समिती जाईपर्यंत तरी डॉक्टर राहा. हात जोडतो. तुमची प्रोफेसरशिपची फाइल मी स्वतः पुढं रेटतो." सर म्हणाले, मी काय स्वतःहून सांगायला जात नाही, पण विचारलं तर सांगीन. समितीचे अध्यक्ष गांडूळखताच्या खड्ड्यापाशी आले, मूठभर खत हातात घेऊन वास घेतला आणि म्हणाले, "उत्तम! याच्यामागचं शास्त्र काय?"

सर म्हणाले, "खत चांगलं हाय. शास्त्र चुकीचं हाय."

प्राचार्यांनी डोळे मिटले. अध्यक्षांना ती नम्रता वाटली. त्यांनी सरांच्या पाठीवर थाप मारली आणि जाताना गाडीत खताचं एक पोतं टाकून नेलं. फाइल पुढं गेलीच नाही, कारण फॉर्मवर 'महत्त्वाचे संशोधन' या रकान्यात सरांनी 'तपासणी चालू आहे' असं लिहिलं होतं.

त्या दोन उन्हाळ्यांत मी त्या टबांपाशी अक्षरशः बसून होते. सगळे टब सावलीला. रोज दोनदा पाणी. सुट्टी नाही, कुणाचं लग्न नाही. माझ्या मावसबहिणीच्या लग्नाला गेले नाही, तर मावशी अजून बोलत नाही. शेवटचं वजन झालं त्या दिवशी मी आकडे सरांपुढं ठेवले. केळीच्या खोडावरची गांडुळं आणि शेणावरची गांडुळं, फरक म्हणावा असा काही नव्हताच.

सर पळत व्हरांड्यात गेले. "फरक न्हाई! फरक न्हाई!" असं ओरडत त्यांनी ऑफिसपर्यंत सगळ्यांना सांगितलं. मोठ्यानं बोललेले सर मी तेवढ्याच दिवशी ऐकले. ऑफिसातल्या एका बाईंना वाटलं, महागाई भत्त्याच्या फरकाबद्दल काही आलं.

माझ्या व्हायवाला बाहेरून आलेले परीक्षक गोंधळून गेले. थिसिस पुढं मागं चाळत म्हणाले, "तुम्ही असं लिहिलंय की तुमच्या मार्गदर्शकांची पीएचडी चुकीची आहे. आणि खाली मार्गदर्शकांची सही आहे. त्यांनी हे वाचलंय ना?"

सर पहिल्या रांगेतून म्हणाले, "वाचलंय सर. चौथ्या प्रकरणात तिनं माझ्याबद्दल जरा नरम लिहिलंय, तेवढं सोडलं तर बरोबर हाय." आणि मग परीक्षकांची परवानगी घेऊन त्यांनी मला तीन प्रश्न विचारले. तिन्ही स्वतःच्या जुन्या थिसिसची बाजू घेऊन. इतके अवघड की मला घाम फुटला. तिसऱ्याचं उत्तर दिलं तेव्हा त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, "आता माझ्याकडं काही राहिलं न्हाई."

मला पदवी मिळाली. सर माझा थिसिस घेऊन परत विद्यापीठात गेले. काही महिन्यांनी उत्तर आलं. पदवी काढून घ्यायची तर उमेदवारानं गैरप्रकार केलेला असला पाहिजे. आपण गैरप्रकार केल्याचे दिसून येत नाही, सबब आपला अर्ज दप्तरी दाखल करण्यात येत आहे. सरांनी ते पत्र मला वाचून दाखवलं. म्हणाले, "म्हणजे मी मुद्दाम केलं असतं तर सुटलो असतो." मग स्टूल घेऊन गेटपाशी गेले आणि फलकावरच्या 'डॉ.'वर स्वतः पांढरा रंग मारला. प्राचार्यांनी तो पुन्हा लिहून घेतला. सरांनी पुन्हा पुसला. असं तीनदा झालं. सर सहयोगी प्राध्यापक म्हणूनच निवृत्त झाले, आणि त्यांच्या निरोप समारंभाला कुणालाच दोन शब्द बोलू द्यायचे नाहीत असं प्राचार्यांनी ठरवलं होतं.

मला दीड वर्षानं लातूरच्याच दुसऱ्या कॉलेजात नोकरी लागली. लग्न झालं. काही वर्षांनी गाईडची मान्यताही मिळाली. आणि एक दिवस सर माझ्या केबिनच्या दारात उभे.

"येऊ का आत, मॅडम?"

त्यांना त्या खिडकीतल्या क्लार्कनी, म्हणे, एकदा समजावून सांगितलं होतं, "वापस देता येत न्हाई सर, पण दुसरी करता येते." सरांनी ते मनावर घेतलं होतं. नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या केंद्रावर त्यांनी प्रवेश परीक्षा दिली. तिथला पर्यवेक्षक त्यांचाच जुना विद्यार्थी. तो सरांना बघून उभा राहिला, पाया पडला आणि त्यांना वर्गाच्या पुढं खुर्ची देऊन बसवलं, भरारी पथकातून आलेत समजून. सरांना पेपर मिळायला वीस मिनिटं उशीर झाला. तरी पास झाले. आणि गांडुळांच्या विषयाची जागा रिकामी होती फक्त माझ्याकडं.

मी म्हटलं, सर, बसा. ते बसेनात. नोंदणीची कागदपत्रं माझ्यापुढं नीट लावून ठेवली, सही घेतली आणि लातूर-नांदेड बसनं परत गेले.

सहा महिन्यांनी ते पहिला प्रगती अहवाल घेऊन आले. एकच ओळ. 'तराजूत थोडी खोट वाटते, ती तपासत आहे, गांडुळांचे वजन अजून केलेले नाही.'

माझं स्वतःचं बढतीचं प्रकरण त्याच महिन्यात समितीपुढं होतं. विद्यार्थ्याची प्रगती नाही म्हणजे गाईडचं काम नाही, असाच त्याचा अर्थ लावला जातो. मी म्हटलं, "सर, जरा वेगळ्या शब्दांत लिहिता येईल. 'प्राथमिक तयारी पूर्ण', असं काही. खोटं पण नाही ते."

मला वाटलं, आता ते 'कुणी बघितलं' म्हणतील. पण त्यांनी खिशातून पेन काढून माझ्यापुढं ठेवलं. "गाईड तुम्ही हाव मॅडम. तुम्ही म्हणाल तसं लिहितो."

आणि खरंच थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर कसलीही परीक्षा नव्हती. मी सांगितलं असतं तर त्यांनी लिहिलं असतं. बाहेर पोरं प्रॅक्टिकलला उशीर झाला म्हणून पळत होती.

मी पेन उचललं आणि आहे त्या ओळीखाली सही केली.

विद्यापीठाच्या संशोधन समितीनं अहवालावर 'असमाधानकारक' असा शेरा मारला. त्यामुळं माझी बढतीची फाइल वर्षभर मागं पडली. शेरा आला त्या दिवशी सर बाहेरच्या बाकावर वाट बघत बसले होते. मी कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा वर करून शेरा दोनदा वाचला आणि समाधानानं म्हणाले, "बरोबर लिहिलंय बघा मॅडम त्यांनी."